सहा आकडे विचारणारी बाई

शव्वाल ४, रविवार

आजपासून लिहून ठेवणार. कारण सालेहची आई. ही आमची मालकीण. काल म्हणते, "मुझना, ऑफिसची किल्ली मी तुझ्याकडे दिली होती." दिली नव्हती. तिच्याच पर्समध्ये निघाली. तरी वर मलाच म्हणाली की तुझं आता वय झालं. माझं एकोणपन्नास, तिचं बासष्ट. तेव्हा यापुढे जे होईल ते तारखेसकट वहीत. प्रौढ बायकांच्या शाळेत चार वर्षं घासली ती काही फुकट नाही. तिथे बाई लाल शाईने चुका दाखवायच्या. इथे दाखवायला कोणी नाही, तेवढंच बरं.

ईद झाली, आता लग्नांची रांग लागेल. आमच्या रैहान हॉलमधला बायकांचा भाग माझ्या ताब्यात, म्हणजे त्याचं दार. अठरा वर्षं त्या दारात बसते आहे. येणारी प्रत्येक बाई वरची काळी अबाया काढायच्या आधी मोबाइल माझ्या हातात देते. मी तो कापडी पिशवीत घालते. एक बिल्ला पिशवीला, त्याच आकड्याचा दुसरा तिच्या हातात. जाताना बिल्ला दाखवा, मोबाइल न्या. आत बायका केस मोकळे सोडून, बाह्या नसलेले कपडे घालून नाचतात. त्यातला एक फोटो पुरुषांच्या हाती लागला की घरं मोडतात. आमच्या उनैझा गावात अशी दोन मोडलेली मला माहीत आहेत. दोन्ही दुसऱ्या हॉलांतली. माझ्या दारातून अठरा वर्षांत एक फोटो बाहेर गेलेला नाही. बढाई नाही, आहे ते लिहिलं.

आता मालकिणीने नवीन काढलंय. ऑफिसात कॉम्प्युटर आणला. अरीज नावाची मुलगी फोटो काढणार, त्यात ठेवणार, आणि नवरीच्या आईने दिवसा येऊन निवडून न्यायचे. दिवसा तिथे बसायचं कोणी? मी. "तुझ्या नजरेखाली आहेत म्हटलं की लोक निर्धास्त होतात," म्हणाली. पगार तोच.

शव्वाल ६, मंगळवार

अरीज शिकवायला आली. बावीस वर्षांची, चटपटीत, बोलताना हात फार हलवते. साखरपुडा झालाय, हजनंतर लग्न आहे. आमचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या म्हणेल मी शिकवलं होतं.

"खाला, खुर्चीवरून उठलात की हे दोन खटके एकदम दाबायचे. पडदा मिटतो. पासवर्ड घातल्याशिवाय उघडत नाही."

"पाणी प्यायला उठले तरी?"

"तरी."

"नमाजला?"

"तरी."

"मग उठतच नाही मी."

पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द. मी म्हटलं, दखील ठेव, माझ्या थोरल्याचं नाव. ती हसत सुटली. "खाला, सगळं गाव तुम्हाला दखीलची आई म्हणतं. तुमचा पासवर्ड लोक रस्त्यात ओरडत फिरतील."

मग तिने चार शब्द जोडले, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. ऐकून मलाही हसू आलं. ती म्हणाली, हसलात ना, आता विसरणार नाही. ते शब्द इथे लिहिणार होते, तिने मना केलं.

फोटो फक्त कॉम्प्युटरात नसतात म्हणे. एक पेटी असते, तिच्यातही आपोआप जातात, म्हणजे कॉम्प्युटर जळाला तरी फोटो राहतात.

"कुठे असते ती पेटी?"

"कुठेतरी परदेशात. कंपनीची असते."

"कुठेतरी असलेल्या पेटीची मी राखण कशी करू?"

"म्हणूनच सांगते," म्हणाली. "त्या पेटीत कोणी नव्याने शिरू पाहिलं की ऑफिसच्या मोबाइलवर सहा आकडे येतात. ते कोणाला सांगायचे नाहीत. मलासुद्धा नाही."

"तुलासुद्धा नाही? पेटी तर तू भरतेस."

"तरी नाही."

"मग ते येतात कशाला?"

"उघडणारी आपणच आहोत का, हे तपासायला."

मी मीच आहे हे मला ठाऊक आहे. तपासायचं काय त्यात? बिल्ला असतो तो दाखवायला. जो कोणालाच दाखवायचा नाही तो बिल्ला कसला. पण तिला घरी जायची घाई आणि मलाही, म्हणून मान डोलावली.

शव्वाल ९, शुक्रवार

काल हंगामाचं पहिलं लग्न. मौदीच्या लुलुवाचं. मौदी माझ्या माहेरच्या गल्लीतली, लहानपणी एका ताटात खजूर खाल्लेत. तीनशे बायका. तीनशे पिशव्या. एकीने क्लेजाच्या डब्यात बिस्किटांच्या तिसऱ्या थराखाली मोबाइल लपवला होता. मी डबा हातात घेतला आणि म्हटलं, "क्लेजे फार जड झाले गं, दगडाच्या पिठाचे का?" सगळ्या हसल्या. तिने निमूट काढून दिला.

लुलुवा फार देखणी दिसत होती. पाठ उघडी, केसांत मोती. मौदी सगळ्यांसमोर म्हणाली, "दारात मुझना आहे म्हणून मी हा झगा शिवू दिला. नाहीतर माझी छाती झाली नसती."

सकाळी ऑफिसात अरीजने फोटो चढवले. कॉम्प्युटरच्या कपाळावर एक बारीक डोळा आहे, तो मी पहिल्याच दिवशी जखमेची पट्टी लावून बंद केलाय. ती म्हणाली, "खाला, हे मात्र तुम्ही मला शिकवलंत." म्हटलं, अजून पुष्कळ शिकवीन.

शव्वाल ११, रविवार

ऑफिसच्या मोबाइलवर एका पुरुषाचा फोन. म्हणतो, कॉम्प्युटरच्या कंपनीतून बोलतोय, तुमच्या फोटोंच्या पेटीला धोका आहे. बोलताना दर दोन शब्दांनी घसा खाकरतो. मी म्हटलं, "हा बायकांचा भाग आहे. इथले फोटो हा शब्द तू तोंडातून काढलास कसा? लाज वाटत नाही?" ठेवून दिला.

दुपारी अरीजला सांगितलं. म्हणाली, "शाब्बास खाला, असंच करायचं." मला काय शाब्बासकी देते. मी तिच्या जन्माआधीपासून पुरुषांना दारातून हाकलते आहे.

शव्वाल १२, सोमवार

कंपनीला अक्कल आली. आज बाईने फोन केला. नाव समाहा. बायकांच्या हॉलांसाठी आमचा वेगळा विभाग आहे म्हणाली, काल चुकून पुरुषाने केला, त्याला साहेबांनी झापलं. बरं झालं. फार गोड बोलणारी. गुडघ्याचं विचारलं. मी म्हटलं, गुडघा दुखतो हे तुला कसं कळलं? म्हणाली, "खाला, आवाजावरून कळतं, माझ्या आईचाही दुखतो." तिच्या आईला लसणाचं तेल लावायला सांगितलं.

मग म्हणाली, आता तुमच्या मोबाइलवर सहा आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा, म्हणजे पेटीला मी आतून कडी लावते. आलेच. चष्मा शोधेपर्यंत ती बिचारी थांबली. वाचून दाखवले. "अल्ला तुमचं भलं करो, आता कोणी आत येऊ शकत नाही," म्हणाली.

अरीजने नाही म्हटलं होतं, माहीत आहे. पण ती कालच्यासारख्या पुरुषांबद्दल म्हणाली असणार. बाईमाणसाचं काय. आणि अरीजला तरी सगळं कुठे कळतं, कालपरवाची पोर.

शव्वाल १३, मंगळवार

कॉम्प्युटर उघडला तर एक चौकट आली. 'तुमच्या पेटीत कोणीतरी नवीन ठिकाणाहून आलं आहे. ते तुम्हीच का?' खाली होय आणि नाही.

मीच तर बसले होते समोर. दुसरं कोणी ऑफिसात नव्हतं, मी उठून दाराआडही बघितलं. होय दाबलं. चौकट गेली.

एवढं विचारायचं असतं तर नावानिशी विचारावं. मुझना, तूच का? म्हणजे माणूस गोंधळत नाही.

शव्वाल १७, शनिवार

आज क्रमाने लिहिते.

सकाळी मौदी ऑफिसात आली. दार लावून घेतलं. बुरखा वर न करताच बसली. मोबाइल पुढे केला. लुलुवाचा फोटो. पाठमोरी, मान वळवलेली, केसांत मोती. अनोळखी नंबरवरून आलेला. खाली लिहिलेलं की रिचार्ज कार्डांचे आकडे पाठव, नाहीतर हा आणि असे चाळीस तुझ्या जावयाच्या भावांना जातील.

मी म्हटलं, "हे खोटं आहे." म्हटलं आणि कळलं की खोटं नाही.

मौदी म्हणाली, "दारात तू होतीस, मुझना."

"होते."

"मग?"

मग काय. नवऱ्याला सांगितलं का विचारलं, तर म्हणाली, "त्याला सांगू? तो आधी मुलीला घरी आणेल आणि मग विचारेल काय झालं." कार्ड विकत आणून ठेवली आहेत तिने. एक पाठवलंही. मी सालेहच्या आईला बोलावलं. तिने दोघींना पाणी दिलं आणि पहिलं वाक्य काय बोलली, तर हे हॉलबाहेर जाता कामा नये.

दिवसभर त्या तीनशे बायका डोळ्यांसमोरून नेल्या. कोणाची बाही नीट चाचपली नाही? कोणाच्या मुलाच्या लंगोटात होता? एकही पिशवी रिकामी नव्हती. मला काही समजत नाही. दार तर बंद होतं.

शव्वाल १८, रविवार

मौदीकडून फोटो पुन्हा मागून घेतला आणि नीट बघितला. खुर्च्यांतून काढलेला नाही. व्यासपीठावरून काढलाय, नवरीच्या डाव्या अंगाने, उंच दिव्याजवळून. तिथे फक्त एक मुलगी उभी होती.

अरीजला बोलावलं. सालेहची आई होती, मौदी होती, साफसफाईच्या दोघी होत्या. मी सगळ्यांसमोर विचारलं, "हा फोटो कोणी काढला?"

"मी," म्हणाली. "आपल्याच कॉम्प्युटरातला आहे हा. खाला, कोणीतरी पेटीत शिरलंय."

"पेटीत भूत शिरलं वाटतं."

"कोणी आकडे विचारले होते का तुम्हाला?"

"पुरुषाने विचारले तर मी देईन? अठरा वर्षं दारात बसणारी मी?"

"पुरुषाने असं मी म्हटलं नाही."

"माझी उलटतपासणी घेतेस? फोटो तुझा, कॅमेरा तुझा, आणि चोर मी?"

तिने सालेहच्या आईकडे बघितलं. सालेहची आई टेबलावरची धूळ पुसत होती, धूळ नव्हतीच. अरीज म्हणाली, "मौदीखाला, कार्ड पाठवू नका. पाठवलीत की तो आणखी मागेल. मेसेज पुसू नका, पोलिसांत द्या. त्यांचा वेगळा विभाग आहे, नाव गुप्त ठेवतात."

मौदी म्हणाली, "तू मला शिकवू नकोस."

मग मी बोलले. म्हटलं, हिच्याच हातून गेलेत. साफ शब्दांत बोलले. सगळ्यांनी ऐकलं. अरीजने कॅमेरा पिशवीत घातला, पट्टा दोनदा अडकला तो सोडवला, आणि गेली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शव्वाल २१, बुधवार

खजूर बाजारात ऐकलं. अरीजच्या होणाऱ्या सासूने निरोप पाठवला, कपडे शिवायला टाकू नका, आधी हॉलमधलं काय ते कळू दे. हे त्यांच्यापर्यंत गेलं कसं? साफसफाईच्या दोघींच्या तोंडून, दुसरं कसं. अरीजच्या बापाने कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

चोर सापडला की डोकं शांत व्हायला पाहिजे. माझं होत नाही. भरडलेल्या गव्हाचं जरीश केलं, दोन घास खाल्ले, ठेवून दिलं. दखील म्हणतो, आई, तू घरातच दोनदा दाराची कडी तपासलीस.

मला हे कळत नाही की तिला चोरायचेच होते तर स्वतःच्या नावावर येणारे का चोरले. दुसऱ्या कोनातून काढायचे. एवढी हुशार पोर. आणि 'पोलिसांत द्या' कशाला म्हणेल? चोर असं म्हणतो? काही चोर म्हणतही असतील, साळसूदपणाने. मला चोरांची फार माहिती नाही, मला फक्त लपवणाऱ्या बायकांची आहे.

मौदीला आणखी कार्ड मागितली. तिने पाठवली. पुन्हा मागितली.

शव्वाल २५, रविवार

आज समाहाचा फोन आला.

होतं तसं लिहिते, जराही इकडेतिकडे न करता.

"मुझनाखाला, गुडघा कसा आहे?"

"दुखतो."

"माझ्या आईला तेलाने बरं वाटलं. खाला, कडी पुन्हा लावायला लागणार. मागच्या वेळेसारखे आकडे येतील, वाचून दाखवा."

आकडे आले. चष्मा नाकावरच होता. वाचायला तोंड उघडलं. पण डोकं ठिकाणावर नसलं की मी दारातले प्रश्न विचारते, सवयच आहे. आमंत्रणाची पत्रिका विसरलेली बाई आली की विचारते ना, नवरीची मावशी कोण, कोणाकडून आलीस. म्हटलं, "समाहा, तू कोणाची गं? कुठल्या घरची?"

"इथलीच, खाला."

"इथलीच म्हणजे? बाप कोण?"

ती हसली. मग म्हणाली, आकडे जुने होतील, आधी ते सांगा. आणि तिच्या मागून कोणीतरी हळूच बोललं, "वेळ घालवू नकोस." आणि घसा खाकरला.

तो आवाज मी ओळखला. अकरा तारखेला ज्याला हाकललं होतं, तोच.

तो गेलाच नव्हता. बाईच्या मागे उभा होता.

मी फोन ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजला, घेतला नाही. वही काढून मागची पानं वाचली. अकरा. बारा. तेरा. सगळं माझ्याच हातचं. तेरा तारखेला तर माझ्याच बोटाने होय म्हटलंय. 'नवीन ठिकाणाहून आलं आहे' म्हणजे ते आले होते, आणि घरची बाई म्हणाली की हो, मीच.

पेटी कुठे आहे, ते आत कसे शिरले, सहा आकड्यांनी काय उघडतं, यातलं मला आजही नीट कळलेलं नाही. एवढंच कळलं की दारातून कोणी गेलं नाही. मी दिलं.

शव्वाल २६, सोमवार

सालेहच्या आईला सांगितलं. सगळं, वहीतलं वाचूनच दाखवलं. ती ऐकत होती तोपर्यंत तिचा कहवा गार झाला.

म्हणाली, "आणखी कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाही."

"मग सांगू नकोस."

"अरीज..."

"अरीज तरुण आहे. मुलीला कामं मिळतात, नवरेही मिळतात. दोन महिन्यांत लोक विसरतील. पण दारावरच्या मुझनाने फोटो दिले म्हटलं तर या हॉलमध्ये पुन्हा कोण पाय ठेवील? माझं एक सोड. तुला कोण ठेवील? पन्नाशीत दुसरं कुठलं दार उघडणार आहे तुझ्यासाठी?"

खोटं काही बोलली नाही ती. म्हणून राग आला.

मी म्हटलं, "मौदी अजून कार्ड पाठवते आहे."

"पाठवेल थोडे दिवस. दमेल तो."

"आणि बाकीच्या नवऱ्या? पंधरा तारखेचं लग्न झालं, सोळाचं झालं. त्यांचे फोटोही त्याच पेटीत आहेत."

यावर तिने पेला ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाली, "मुझना, तू घरी जा, झोप काढ. तुझं डोकं चालत नाही." सोळा तारखेची नवरी तिची भाची आहे. आठवलं असणार. पण बोलली नाही.

घरी आले. झोप काढली नाही. गप्प राहायचं ठरवलं होतं, खरं लिहिते. दुपारभर ठरलेलं होतं. दखीलच्या फ्रीजचा हप्ता, माझी औषधं, सगळं मोजलं आणि ठरवलं की गप्प. मग अस्रची, तिसऱ्या प्रहरची बांग झाली आणि मी अबाया घातली. का ते सांगता येत नाही. ठरवलं एक आणि पाय दुसरीकडे.

शव्वाल २७, मंगळवार

काल पुढचं लिहायला बळ नव्हतं, आज लिहिते.

अरीजच्या घरचं दार तिच्या आईने उघडलं. आत घेतलं. दारात आलेल्या बाईला कोणी परत पाठवत नाही. पण कहवा दिला नाही. कहव्याची किटली समोरच होती, वाफ दिसत होती. पेले उपडे ठेवलेले तसेच राहिले. आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. मी खाली मान घालून ती घेतली.

कोपऱ्यात गादीवर अरीजच्या बापाची आई बसलेली. नव्वदीची, कान गेलेले. मी अरीजच्या आईजवळ सरकून हळू आवाजात सुरुवात केली. म्हातारी लगेच म्हणाली, "ही कोण? काय म्हणते?"

"काही नाही, आई."

"काही नाही तर तोंड का पडलंय तिचं? मोठ्याने बोल, बाई. माझ्या घरात कुजबुज चालत नाही."

मी मोठ्याने म्हटलं, "मी मुझना. हॉलच्या दारावरची."

"बरं. मग?"

"फोटो माझ्यामुळे गेले. अरीजमुळे नाही."

"कोणामुळे?"

"माझ्यामुळे."

"ऐकू येत नाही."

उन्हाळ्याचे दिवस, एसी बिघडलेला, खिडक्या उघड्या. शेजारच्या घरात शिवणयंत्र चाललं होतं. मी पोटातून ओरडून सांगितलं की फोनवर एका बाईने सहा आकडे विचारले, ते मी वाचून दाखवले, त्यांनीच पेटी उघडली, फोटो माझ्या हातून गेले. शिवणयंत्र थांबलं. पुन्हा सुरू झालं नाही.

म्हातारीने मान हलवली. "ओळखीची होती का ती?"

"नाही."

"मग का दिलेस?"

"बाई होती म्हणून."

"बाई होती म्हणून," म्हातारी म्हणाली. "आणि आमची पोर काय आहे?"

ज्या मुलीच्या डब्यातलं मी ऑफिसात खाल्लं, जिने समोर बसून नको सांगितलं, तिला मी सगळ्यांसमोर चोर म्हटलं. आणि जिचा चेहरा बघितला नाही तिच्या आईला तेल सुचवलं.

अरीज आतल्या खोलीतून बाहेर आली. डोळे सुजलेले. मला वाटलं आता बोलेल, आणि मी ऐकायला तयार होते. ती म्हणाली, "ऑफिसचा मोबाइल आणलात?"

आणला होता.

"त्या बाईचा नंबर पुसला नाहीत ना?"

"पुसायचं कसं ते मला येत नाही."

"येत नाही तेच बरं झालं."

ती खाली बसली. पेटीचा पासवर्ड तिथल्या तिथे बदलला, दुसरे कोणी आत बसलेले होते त्यांना बाहेर काढलं, मला दाखवलं. दोन होते. मी विचारलं, मग फोटो परत आले का? म्हणाली, नाही खाला, गेलेले परत येत नाहीत, पुढचे वाचतात. मग पोलिसांची तक्रार लिहायला घेतली. तारीख विचारली, वेळ विचारली, नक्की कोणते शब्द बोलली ते विचारलं. मी वहीतून वाचून दाखवत गेले. चुलीपुढच्या लाकडासारखी कोरडी बोलत होती माझ्याशी. कामापुरतं. माफ केलं असं म्हणाली नाही, मीही माफी मागितली नाही. ओरडण्यात मागून झालीय, आणखी मागणं म्हणजे तिच्यावरच ओझं.

शेवटी म्हणाली, "आकडे ज्याने दिले त्याचं नाव लिहावं लागतं. हॉलमधली कर्मचारी असं मोघम लिहू का?"

म्हटलं, "पूर्ण लिही. बापाच्या नावासकट."

निघाले तेव्हाही कहवा मिळाला नाही.

शव्वाल २९, गुरुवार

अरीजच्या तक्रारीचं कळल्यावर मौदीनेही तक्रार केली. नवऱ्याला सांगायच्या आधी लुलुवाला सांगितलं, आणि लुलुवाने स्वतःच आपल्या नवऱ्याला सांगितलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. ती अजून त्याच्याच घरी आहे, एवढं माहीत आहे. मौदी माझ्याशी बोलत नाही. कार्ड पाठवणं मात्र थांबवलंय.

सालेहच्या आईने दारावर दुसरी बाई बसवली. निरोप दखीलकडे दिला, मला तोंडावर सांगितलं नाही. आज संध्याकाळी लग्न आहे आणि मी घरात. हातांना काय करायचं ते कळत नाही.

म्हणून दुपारी बाहेर पडले. अरीजच्या होणाऱ्या सासूचं घर शोधायला दोन गल्ल्या चुकले. ती दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मागे तिच्या दोन मुली, एक सून. तिथे बहिरं कोणी नव्हतं. तरी मी मोठ्यानेच सांगितलं.